वरून भरून आणलेली किटली

ओताकार बेनादाने घरी विमान बांधायला घेतलं तेव्हा तो इतका किडकिडीत होता, की चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या रांगेजवळ उभा राहिला तर पाद्रीबाबा सवयीने पेटती काडी घेऊन त्याच्या डोक्याकडे जायचे. खोटं वाटत असेल तर पाद्रीबाबांना विचारा. ते आता हयात नाहीत, पण होते तेव्हा फार खरं बोलायचे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण विमान मागवलं होतं ते त्या किडकिडीत ओतासाठी. एका माणसाचं विमान. लांबोडक्या खोक्यांतून सुटे भाग येतात, सोबत जाडजूड पुस्तक येतं, आणि पुढचं सगळं तुम्ही तुमच्या गोठ्यात करायचं. चेक देशातल्या आमच्या मोरावियात असा एखादा वेडा गावोगाव सापडतो. कोणी खुराड्यातल्या कोंबड्या हाकलून तिथे पंख जोडतो, कोणी बायकोच्या कपड्यांच्या कपाटात इंजिन लपवतो. त्यामुळे ओताच्या दारात ट्रक थांबला तेव्हा आमच्या लिपिना गावात विमानाचं नवल कोणालाच वाटलं नाही. नवल वाटलं ते ओताचं. त्याने जन्मात स्वतःसाठी काही मागवलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

तो आमच्या गावची बस चालवायचा. गावात असं एक घर नाही ज्याच्यासाठी त्याने कधी बस थांबवून धरली नाही. मी बूट हातात घेऊन पळत यायचो आणि तो आरशात बघून शांतपणे सँडविच खात बसलेला असायचा. फिलोमेनाकाकूंच्या मुलीला ऐन बर्फात कळा सुरू झाल्या, रस्ता बंद, तर ह्याने बस बिटाच्या शेतातून घातली. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत बसमध्ये एक उतारू वाढला होता. तो नातू आता मिशा ठेवतो, पण बसच्या मागच्या सीटवर बसला की अजून अंगठा चोखतो म्हणतात.

माणसांखेरीज फक्त एका गोष्टीसाठी ओता बसला उशीर करायचा आणि ती आम्हाला समजायची नाही. सहकारी शेतीच्या माळावर तेव्हा फवारणीचं पिवळं विमान उतरायचं. ते दिसलं की हा बस हळू करायचा.

"ओता, चल की! आमची रेल्वे चुकेल!"

"उतरू दे रे त्याला," ओता म्हणायचा. ते उतरलं की आमची बस सुटायची.

मग तो निवृत्त झाला, आणि त्याच हिवाळ्यात त्याची बायको व्लास्ता गेली. वर्षभर ओता खिडकीत बसून होता. एक दिवस उठला, तालुक्याच्या क्लबात जाऊन हलकं विमान चालवायला शिकून आला, आणि खोकी मागवली.

आमच्याकडे एकटा राहिलेला पुरुष दिसला की बायकांना दोनच गोष्टी सुचतात. त्याचं लग्न लावायचं, नाहीतर त्याला जेवू घालायचं. लग्नाला ओता तयार नव्हता.

तेव्हा जेवण सुरू झालं. सोमवारी माझ्या बायकोचं, यार्मिलाचं, आंबवलेल्या कोबीचं सूप. मंगळवारी लोहारणीकडून डुकराच्या मांसाबरोबर उकडलेले कणकेचे गोळे. आणि फिलोमेनाकाकूंचं सगळे वार मिळून. त्या शेजारीच राहायच्या. झाकणाच्या निळ्या किटलीतून दूध, आणि दुधावर ताटलीत कोलाच. काकूंचा कोलाच म्हणजे तळहाताएवढा गोल मऊ गोड पाव, मधल्या खळग्यात खसखस आणि आलुबुखाराचं सारण, वर लोण्यात परतलेला चुरा. दर जत्रेला पहिला मान त्याचाच. बाकीच्या बायका दुसऱ्या नंबरासाठी भांडायच्या.

आता आमची एक रीत आहे. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. केलंत तर त्या घराशी उभं वैर. ओता बिचारा सुपाच्या भांड्यात अक्रोड भरून पाठवायचा, नाहीतर परसातला मध. मग यार्मिला म्हणायची, "बाई बाई, एवढ्याशा सुपाला एवढे अक्रोड!" आणि ओशाळून त्याच भांड्यात बदकाची तंगडी ठेवायची. तंगडीला ओता ओशाळायचा. असं ते भांडं दोन घरांमध्ये ओशाळत फिरायचं, आणि दर फेरीला मधल्या मध्ये ओता जेवायचा.

भांडी पोचवायला आलेली माणसं मग गोठ्यात थांबायची. मी पत्र्यांना भोकं पाडून दिली. लोहार क्रिश्तोफने चाकांचा दांडा बसवला. पण खरं काम होतं रिव्हेटांचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या बिनआट्याच्या खिळ्यांचं. पंख आतून पोकळ. एकाने बाहेरून ठोकायचं आणि दुसऱ्याने आत हात घालून, न बघता, रिव्हेटच्या शेपटाला लोखंडाचा ठोकळा टेकून धरायचा. आमचे हात कोपरातच अडकायचे. फिलोमेनाकाकूंनी बाह्या सरसावल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"काकू, धरलं का?"

"केव्हाचं धरलंय मेल्या. बदक असतं तर सारण भरून भट्टीत पण गेलं असतं. ठोक!"

जन्मभर बदकांची पोटं भरली, त्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती. दोन्ही पंख काकूंच्या हातावर झाले. मधून मधून काकू हात बाहेर काढायच्या, पदराने, म्हणजे आमच्याकडच्या एप्रनने, पुसायच्या आणि म्हणायच्या, "आता कोलाच खा, मग पुढचं." ओता खायचा. नाही कसं म्हणणार? त्या हाताशिवाय पंख पुरे होणार नव्हते.

विमान वाढत गेलं तसा ओताही वाढत गेला. आम्हाला ते दिसलं नाही, कारण आम्ही दोघांनाही रोज बघत होतो.

दिसलं ते रादकाबाईंना. त्या विमानं तपासणाऱ्या इंजिनियर. हौशी उडाणटप्पूंचा जो संघ आहे त्याच्या वतीने येतात, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय चाक जमीन सोडत नाही. ऐन उन्हाळ्यात त्या आल्या. अर्धं गाव गोठ्याच्या दारात. बाईंनी प्रत्येक रिव्हेटवरून बोट फिरवलं, तीन चाकांखाली तीन काटे ठेवून विमान तोललं आणि मान वर केली.

"सुंदर. इतकं नेटकं काम मला क्वचित बघायला मिळतं. पंख कोणाबरोबर केलेत?"

काकू एकदम आकाशाकडे बघायला लागल्या.

"आता तुम्ही बसा, बेनादासाहेब."

ओता बसला. म्हणजे, त्याला बसवला. मी एका खांद्यावर दाबलं, क्रिश्तोफने दुसऱ्या. तिन्ही काट्यांनी अशी काही उसळी घेतली की रादकाबाईंनी चष्मा पुसला.

"हं. काठी मागे ओढा."

विमानात दोन मांड्यांच्या मधोमध एक काठी असते. मागे ओढली की नाक वर.

"ओढली," ओता म्हणाला.

"पूर्ण ओढा."

"पूर्णच आहे."

"ही पूर्ण नाही, साहेब. ही पोटाला टेकलीय."

गोठ्यात कोणीतरी खाकरलं. ओताने श्वास आत घेतला. गाल बिटासारखे झाले. काठी थोडी मागे आली.

"छान. आता काहीतरी बोला."

"काय बोलू?" ओता म्हणाला, आणि पोट जागेवर आलं, काठी पुढे गेली, आणि मागे शेपटीची फळी धाडकन खाली पडली. माझी शपथ, विमानाने लाजून मान खाली घातली असं वाटलं.

रादकाबाई चांगल्या होत्या. हसल्या नाहीत. "बेनादासाहेब, या पोटाने तुम्ही वर जाल. खालीही याल, ते कोणालाच चुकत नाही. पण टेकायच्या क्षणी नाक उचलून धरावं लागतं, आणि ते तुम्हाला जमणार नाही. काठी बैठकीच्या कडेपर्यंत आली पाहिजे. वजनही उतरायला हवं. आमच्या क्लबात एक बारीक मुलगी आहे, उत्तम उडवते. ती उडवेल तुमचं विमान."

"उडवू दे की," ओता म्हणाला. "विमान उडालं म्हणजे झालं." पण त्याचा हात काठीवरून निघेना. निघेना म्हणजे, आम्हीच शेवटी बोटं सोडवली.

त्यात डॉक्टरांचा शिक्का. ओताला उडायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती वसंतापर्यंतची, आणि देताना म्हणाले होते, "पुढच्या वेळी मला नाही म्हणायला लावू नका." म्हणजे काय ते या शरदात. तेसुद्धा जत्रेच्या आधी. कारण जत्रा, मग द्राक्षांची काढणी, मग डुकरं कापायची, मग नाताळ, मग लग्नं. आमच्याकडे जत्रा ते ईस्टर या काळात बारीक झालेला माणूस इतिहासाला माहीत नाही.

"जत्रेच्या आदल्या रविवारी येते," रादकाबाई म्हणाल्या. "काठी मागे आली तर तिथेच, त्याच दिवशी, माळावरून उडायचं."

बातमी घरोघर गेली. बायका इतक्या हळहळल्या, इतक्या हळहळल्या, की त्या संध्याकाळी ओताकडे दुप्पट जेवण गेलं.

मी यार्मिलाला म्हटलं, "अगं, तू पण?"

"माझं काय, नुसतं सूप आहे. पाणीच म्हणा. ती लोहारीण बघ, गोळे देते गोळे!"

लोहारीण म्हणे, गोळे हलके असतात, सूप अंगाला लागतं. आणि दोघी मिळून म्हणत, काकूंचा कोलाच. काकूंना कोण सांगणार?

ओताने स्वतः प्रयत्न केला. आमच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "यार्मिला, आज नको."

आता आमच्याकडे पहिलं नको म्हणजे नमस्कार. दुसरं नको म्हणजे वासाने तोंडाला पाणी सुटलंय. तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत ताट समोर आलेलं असतं. ओताने तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि यार्मिलाने त्यात चमचा घातला.

शेवटी रविवारच्या प्रार्थनेनंतर माझ्या वाइनच्या तळघरात सगळे जमले. बायकासुद्धा खाली उतरल्या, त्यावरून प्रसंग ओळखा. क्रिश्तोफ म्हणाला, "सोपं आहे. सगळ्यांनी एकदम बंद करा."

फिलोमेनाकाकू पिंपावर बसल्या होत्या. "आणि त्याला काय वाटेल? व्लास्ता गेली तेव्हा घर बंद झालं. आता गाव पण बंद झालं? मी नाही करणार. बर्फात ज्याने माझ्या पोरीला नेलं त्याच्या दारात मी रिकाम्या हाताने नाही जाणार."

माझ्याकडे दुसरा पेला होता, म्हणून मी बोललो.

"बंद करू नका. पाठवा. रोज पाठवा. फक्त वाईट करा."

पिंपातली वाइनसुद्धा बुडबुडायची थांबली.

"वाईट म्हणजे?" लोहारणीने विचारलं.

"खारट. करपलेलं. कच्चं. म्हणजे तुमची माया पण पोचेल आणि त्याला खाववणार पण नाही."

यार्मिलाने माझ्याकडे असं बघितलं की मी पेला खाली ठेवला. "लोक काय म्हणतील? विन्सेकच्या बायकोला सूप येत नाही?"

"आणि मी?" काकू म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "माझ्या भट्टीतून करपलेला कोलाच बाहेर पडलेला कोणी पाहिलाय? माझ्या आईच्या तरी? त्यापेक्षा मी ओताला चर्चच्या मनोऱ्यावरून ढकलते. तो पण उडेल आणि माझं नाव पण राहील."

उठल्या आणि तरातरा पायऱ्या चढून गेल्या. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या धुराड्यातून काळा धूर निघाला. सगळी गल्ली दारात आली. काकू बाहेर पडल्या, हातात ताटली, ताटलीवर कोळशाच्या रंगाचे कोलाच, आणि तोंड असं की अंत्ययात्रेत पुढे चालताहेत. मान ताठ. कोणाकडे बघितलं नाही. सगळ्या बायकांनी आपापल्या दारात मान खाली घातली. मी लढाईतून परतलेले लोक पाहिलेत, पण असा मान दिलेला पाहिला नाही.

मग काय, काकूंनी केलं म्हटल्यावर मागे कोण राहणार? यार्मिलाने सुपात मीठ घातलं ते गाईच्या चाटणाचं. लोहारणीचे गोळे इतके कडक निघाले की क्रिश्तोफने दोन ऐरणीखाली टेकू म्हणून ठेवले, ते अजून आहेत. बायका स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून रडत रडत स्वयंपाक बिघडवायच्या. आणि ताटल्या ओताकडून परत यायच्या त्या स्वच्छ, पुसलेल्या, अक्रोड भरलेल्या.

"फेकत असेल," आम्ही म्हणालो. "चला, जमलं."

कुठलं जमलं! एका दुपारी ओता माझ्याकडे आला. चेहरा हिरवा, पोट जागच्या जागी.

"विन्सेक, गावात काहीतरी साथ आलीय."

"कसली?"

"बायकांच्या जिभेची चव गेलीय रे. सगळ्यांच्या एकदम! पाण्यातून काही येतंय का? फिलोमेनाने काल कोलाच दिला, त्यात साखरेच्या जागी मीठ."

"मग? फेकलास ना?"

"फेकतोय कसा? ती समोर उभी. डोळे भरलेले. म्हातारीला कळलं की आपला हात गेला तर ती दुसरा दिवस बघायची नाही. खाल्ला." त्याने टोपी काढली. "दुसरा मागून घेतला."

"आणि यार्मिलाचं सूप?"

"वाडगं तोंडाला लावून. डोळे मिटून. तिला वाईट वाटायला नको म्हणून म्हटलं, आज फारच छान झालंय."

तेव्हा कळलं, यार्मिला दोन दिवस का धुमसत होती. मी हसायला लागलो. असा हसलो की बाकावरून खाली आलो. ओता घाबरला, त्याला वाटलं मलाही साथ लागली. मग डोळे पुसून मी सगळं सांगितलं. तळघर, पिंप, काळा धूर, सगळं.

ओता बराच वेळ टोपी फिरवत बसला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"फिलोमेनाने? मुद्दाम करपवला? तिने?"

"सगळ्या गल्लीदेखत."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. "विन्सेक," तो म्हणाला, "मी जन्मभर लोकांसाठी बस थांबवली. मला वाटायचं तेवढंच काय ते माझं काम. मी पळत येतोय आणि कोणीतरी थांबलंय, हे मला माहीतच नव्हतं कसं असतं ते."

मी माझा पेला त्याच्यापुढे सरकवला. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

तो उठला तो सरळ काकूंच्या फाटकाशी. मी मागोमाग गेलो आणि कुंपणाआड उभा राहिलो. एकटा नव्हतो, तिथे आधीच गर्दी होती.

काकू ओसरीत ताटली घेऊन उभ्याच होत्या. ओता म्हणाला, "काकू, कालचा कोलाच वाईट होता."

काकूंनी ताटली खाली घेतली. "काय म्हणालास?"

"वाईट होता. मीठ होतं. बूड जळलेलं होतं. आलुबुखारात बिया होत्या."

"बिया पण लागल्या?"

"एक दात हलतोय."

"मग आजचा देऊ?"

"नको."

"थोडासा?"

"नको."

"एक घास, माझ्यासाठी?"

ओताच्या कपाळावर घाम आला. बस चालवताना कधी त्याला घाम आलेला नव्हता. "काकू," तो म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. नको."

काकू तिथेच पायरीवर बसल्या. हसताहेत की रडताहेत ते कळेना. "अरे मेल्या! हे एवढं तुझ्या तोंडून ऐकायला मला माझं नाव मातीत घालावं लागलं!" आणि ताटली कोंबड्यांपुढे उलटी केली.

कोंबड्यांनी वास घेतला आणि पाठ फिरवली.

"अगं, एवढा पण वाईट नाहीये!" काकू कोंबड्यांवर ओरडल्या.

त्या दिवसापासून ओता दारोदार फिरून भांडी परत करायला लागला. पायी, आणि रिकामी. प्रत्येक दारात टोपी काढायचा, रिकामं भांडं दोन्ही हातांनी पुढे करायचा आणि म्हणायचा, "फार वाईट होतं. देव तुमचं भलं करो." बायका भांडं छातीशी धरून आत जायच्या आणि नवऱ्यांना, इतके महिने सगळं चांगलंचुंगलं ओताकडे गेल्यावर, पहिल्यांदा धड जेवण मिळायचं. मी तर म्हणेन, ओताच्या विमानाचा सगळ्यात मोठा फायदा आम्हालाच झाला.

एकच भांडं राहिलं. काकूंची निळी किटली.

"रिकामी मी घेणार नाही," काकूंनी निक्षून सांगितलं. "बाकीच्यांचं बाकीच्या बघतील. माझ्या आईने रिकामं भांडं घेतलं नाही, मी घेणार नाही. भरून आण. पण खायचं काही आणलंस तर तंगडी मोडीन."

ओता किटली घेऊन परत गेला.

मग सुरू झाला उकडलेला बटाटा आणि ताक. रोज सकाळी माळापर्यंत चालत जाणं, चालत येणं. आल्यावर ओता गोठ्यात विमानात बसायचा आणि काठी ओढायचा, आणि दारातून कोणीतरी ते बघून गावभर सांगायचं. गावात लोक नमस्कार करायचे सोडून विचारायला लागले, "कुठवर आली काठी?" प्रार्थना संपल्यावर नवे पाद्रीबाबासुद्धा हळूच दोन बोटांनी अंतर दाखवून ओताकडे बघायचे.

तो रविवार आला. विमान माळावर नेलं, पंख तिथे जोडले. सगळी लिपिना तिथे, चालता येत नव्हतं त्यांना ढकलगाडीत घालून आणलेलं. ओताने बसचालकाचा जुना गणवेश घातला होता, मधल्या काळात पोटाच्या मापाने सैल करून घेतलेला. निळा कोट, पितळी बकलाचा रुंद पट्टा.

रादकाबाईंनी काट्यांवर वजन बघितलं. मान डोलावली. "आता काठी."

ओताने ओढली. आली, आली, आली. आणि कडेपासून बोटभर अंतरावर थांबली.

"ओढा."

"ओढतोय."

रादकाबाई खाली बघायला लागल्या, आणि मला ते आवडलं नाही, कारण चांगली माणसं वाईट सांगण्याआधी खाली बघतात.

"अहो, बाजूला व्हा जरा," म्हणत फिलोमेनाकाकू पुढे आल्या. पंखावरून वाकल्या, बदकाच्या पोटात घालावा तसा हात आत घातला, चाचपला. "हे पोट नाहीये. हे पितळ आहे! पट्टा काढ, मेल्या!"

पट्टा निघाला. काठी कडेला लागली. त्याबरोबर असा आवाज उठला की शेजारच्या गावात लोकांनी गडगडाट समजून वाळत घातलेले कपडे आत घेतले. मग ओता उतरून उभा राहिला आणि गणवेशाची विजार खाली सरकली, कारण तिच्यात आता दोन ओता मावले असते. काकूंनी आपल्या एप्रनची नाडी सोडली आणि सगळ्या गावासमोर त्याच्या कमरेला बांधली. गाठ मारून म्हणाल्या, "जा."

ओताने पिशवीतून निळी किटली काढली आणि बैठकीच्या मागच्या खाचेत ठेवली.

"हे काय?" रादकाबाईंनी विचारलं. "रिकामी आहे ना?"

"आत्ता आहे," ओता म्हणाला.

बाईंनी किटली हातात तोलली, काकूंकडे बघितलं, आणि परत जागेवर ठेवली.

त्या उड्डाणाबद्दल मी काय सांगू? मी पुष्कळ गोष्टी वाढवून सांगतो, यार्मिला मला त्यावरून रोज बोलते. ही वाढवायची गरजच नाही. विमान माळावरून पळालं, गवत मागे पडलं, आणि चाकांखालून उजेड दिसला. बस्स. आम्ही सगळे टाचा उंचावून उभे होतो, जणू त्याने त्याला मदत होते. तो चर्चवरून गेला, तळघरांच्या टेकडीवरून गेला, बसथांब्यावरून दोनदा गेला. बिटाच्या ज्या शेतातून त्याने बस घातली होती तिथे पंख हलवला. रस्त्यावर खरोखरीची बस आली होती. नवा ड्रायव्हर, मी त्याला ओळखत नाही, पण त्याने बस थांबवली आणि उतारू ओरडले तरी हलवली नाही. हे मात्र मी स्वतः पाहिलं.

आणि मग तो उतरायला आला. नाक खाली, खाली, आणि शेवटच्या क्षणी हळूच वर, तळ्यावर बदक बसतं तसं. चाकं टेकली तेव्हा कळलंसुद्धा नाही. फक्त फिलोमेनाकाकूंनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला आणि माझी टोपी उडाली.

ओता उतरला. मागून किटली काढली, झाकण घट्ट होतं, आणि काकूंपुढे दोन्ही हातांनी धरली.

"भरून आणलीय, काकू. अगदी वर गेल्यावर झाकण उघडलं होतं."

काकूंनी किटली घेतली, हातात तोलून बघितली. झाकण जरासं उचललं, नाक लावलं.

"पेट्रोलचा वास येतोय," म्हणाल्या. मग आणखी वाकल्या. "पण गार आहे." आणि कोणी दुसऱ्याने नाक घालायच्या आत झाकण दाबून बंद केलं.

पुढच्या रविवारी जत्रा झाली. काकूंच्या ताटाला पहिला मान, विचारायलाच नको. ओता समोर आला तेव्हा काकूंनी डोळे बारीक करून विचारलं, "देऊ?"

"नको," ओता म्हणाला.

"खरं, की आपलं नेहमीचं?"

"आपलं नेहमीचं."

काकूंनी त्याच्या ताटलीत दोन ठेवले.

वसंतात डॉक्टरांनी मान हलवली, आडवी. ओताने काही वाद घातला नाही. आता त्याचं विमान क्लबातली ती बारीक मुलगी उडवते. ओता माळावर बाकावर बसून असतो, पुन्हा चांगला गोल झालेला, मांडीवर कोणाचं तरी भांडं, आणि तिला यायला जरा उशीर झाला तरी ती उतरेपर्यंत जागचा हलत नाही. ती निळी किटली काकूंच्या खिडकीत आहे. दूध त्या आता दुसऱ्या भांड्यातून आणतात.

माळावरच्या त्या दिवसानंतर झाकण कोणी उघडलेलं नाही. खिडकीवरून पुसायला उचलली की ती आपसूक हाताबरोबर थोडी वर येते, असं काकू म्हणतात. मी उचलून बघितली. येते.